माठाची ओळ

त्या रविवारी सकाळी आई आणि मी अभनपूरच्या रस्त्यावरच्या नर्सरीत गेलो. जूनचा दुसरा आठवडा होता. नऊनंतर ऊन सहन व्हायचं नाही, म्हणून साडेसातलाच निघालो. स्कूटरवर आई एका अंगाने बसायची आणि माझ्या कुर्त्याचं टोक मुठीत धरायची. खांदा धरायची नाही. खांदा म्हातारे धरतात, असं तिचं म्हणणं. ती एकोणसत्तर वर्षांची होती.

ही फेरी आमच्याकडे दर वर्षीची. गुढियारीच्या पुढे, रेल्वेतून निवृत्त झालेल्या लोकांनी बांधलेल्या घरांमध्ये आमचं घर आहे. बाबा वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात होते. घरापुढे वीस फूट लांब आणि बारा फूट रुंद आवार आहे, आणि त्यात काय लावायचं ते आई ठरवायची. भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांपासून ती मागे मोजत यायची. ज्येष्ठेच्या दिवशी नैवेद्याला सोळा भाज्या एकत्र शिजवतात. विदर्भातून इकडे छत्तीसगडात आलेल्या घरांत ते अजून चुकत नाही. बहुतेक घरी आदल्या दिवशी बाजारातून सोळा भाज्यांचा वाटा आणतात. आई आणत नसे. लक्ष्मीला विकतची भाजी कशाला, असं ती म्हणायची, आणि तीस वर्षं सोळाही भाज्या तिने आवारातून काढल्या होत्या. संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका आल्या की कुंकू लावून ती आधी त्यांना आवारात न्यायची. हा दोडका, ही गवार, हे अळू, हा माठ. कुणाला घाई असली तरी सुटका नसे. शेजारच्या भावनाताई एकदा म्हणाल्या होत्या की इंदूकाकूंकडे लक्ष्मीच्या आधी भेंडीचं दर्शन घ्यावं लागतं. आईला ते इतकं आवडलं की पुढे कित्येक दिवस तिने ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवलं.

गेल्या तीन वर्षांत साखरेने तिची नजर गेली होती. पूर्ण नाही. डॉक्टरांनी मला वेगळं बोलावून सांगितलं की डोळ्याच्या पडद्यावर डाग पडले आहेत, समोरचं धूसर होत जाईल, कडेचं थोडंफार दिसेल. तिला त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. घरी येऊन तिने बाबांना सांगितलं की चष्म्याचा नंबर बदलला आहे. त्यानंतर आमच्या घरात या विषयावर कोणी बोललं नाही. ती भाजी बोटांनी निवडायची, दूध वर यायचा आवाज ऐकायची, आणि वर्तमानपत्र नेहमीच्या वेळी उघडून नेहमीच्या वेळी घडी घालून ठेवायची.

मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. एखाद्या गोष्टीबद्दल बोलता आलं नाही की मी तिच्याबद्दल वाचते. वाचून आणि आईकडे बघून मला कळलं की हिरव्यातलं हिरवं तिला वेगळं काढता येत नाही, पण लाल, पिवळा, जांभळा असा रंगाचा पट्टा असला तर कळतो. तेव्हापासून रोपं निवडताना मी रंग बघू लागले. हिरव्या भेंडीऐवजी लाल भेंडी घेतली. मायाळू लाल देठाची, वाल जांभळ्या शेंगांचा. अंबाडीला शोधावं लागलं नाही, तिचे देठ मुळातच लाल असतात आणि पिवळी फुलं दुरून दिसतात. नळाशी झेंडू लावला, म्हणजे पाणी कुठे आहे ते कळावं. नाली जिथे उघडी आहे तिथे लाल कर्दळ. आणि व्हरांड्याच्या पायरीपासून फाटकापर्यंत, वाटेच्या कडेने, लाल माठाची सरळ ओळ. त्या ओळीवर नजर ठेवून आई कुणाचा हात न धरता फाटकापर्यंत जायची. मी तिला म्हणायचे, आजकाल असंच करतात, खायचं आणि शोभेचं एकत्र लावतात. ती म्हणायची, हव, लाव.

नर्सरीवाला विशाल आईला अम्मा म्हणायचा. त्या दिवशी त्याने आल्याआल्या क्रोटनची एक कुंडी पुढे केली आणि कलकत्त्याहून कालच गाडी आल्याचं सांगितलं. आईने पानावरून बोट फिरवलं.

"खाने का है?"

"अम्मा, ये शो का है."

"तो शो यहीं रहने दे."

विशाल हसत कुंडी घेऊन गेला. मिरचीच्या रोपांपाशी मात्र तिने स्वतःच त्याला सांगितलं की लाल, पिवळ्या, जांभळ्या मिरच्या एका झाडावर येतात ती दे, आणि झेंडू गडद दे, सगळं जरा लाल-लाल असू दे. "मेरी लड़की को लाल पसंद है," ती म्हणाली.

मला लाल विशेष आवडत नाही. माझे सगळे कुर्ते निळे नाहीतर राखाडी आहेत, आणि त्यातले निम्मे तिनेच घेतलेले होते.

मग ती कोलिअसच्या, लाल पानांच्या शोभेच्या रोपांच्या, पिशव्यांपाशी थांबली. तिने एक पान दोन बोटांत धरलं. कोलिअसचं पान मखमलीसारखं असतं, कडेला बारीक दाते असतात. मग तिचा हात खाली गेला आणि तिने देठ चाचपला. तो चौकोनी असतो. ती बराच वेळ तो देठ बोटांत फिरवत उभी राहिली. विशालला नाव विचारलं. त्याने सांगितलं.

"इसकी भाजी नहीं बनती ना?"

"अम्मा, मुँह कड़वा हो जाएगा."

"नहीं, ऐसे ही पूछा." मग माझ्याकडे तोंड करून ती म्हणाली, "सहा घेऊन घे. आपल्या इथं चांगलं होते हे."

ती थांबली होती. विशाल दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला होता, आजूबाजूला कोणी नव्हतं, आणि ती अशी उभी होती की मी काही बोलणार असेन तर तिला वेळ आहे. मी सहा पिशव्या उचलल्या आणि स्कूटरकडे निघाले.

बाकीचा दिवस कुठल्याही रविवारसारखा गेला. बाबांनी क्रोटन आणला नाही म्हणून आनंद व्यक्त केला आणि कोलिअस आणला म्हणून नाराजी. आईने आंब्याचा रस केला, स्वतः दोन चमचे खाल्ला आणि साखर वाढेल म्हणून बाबा ओरडले तर म्हणाली की चाखल्याशिवाय तुम्हाला वाढू कशी. रोपं भिंतीच्या सावलीत ठेवली. बुधवारी लावू, जरा आभाळ येऊ दे, असं ठरलं.

सोमवारी सकाळी आंघोळ करून ती व्हरांड्यात तांदूळ निवडत बसली होती. मी डबा भरत होते. बाबांनी मला हाक मारली ती नेहमीसारखीच होती, म्हणून मी डब्याचं झाकण लावूनच बाहेर आले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. कागदावर हृदय असं लिहिलं होतं.

तेरा दिवस घरात माणसं होती. माझा धाकटा भाऊ शेखर आणि त्याची बायको पायल भिलाईहून येऊन राहिले होते. त्या दिवसांत रोपांची आठवण कोणाला राहिली असेल असं मला वाटलं नव्हतं. पण चौदाव्या दिवशी मी भिंतीपाशी गेले तर पिशव्यांतली माती ओली होती. बाबा रोज तांब्याने पाणी घालत होते.

त्या कोलिअसचं आता सांगायला हवं.

आदल्या वर्षी श्रावणात माठाला अळी लागली. आईची रीत राख भुरभुरायची. मला घाई होती, कॉलेजात तपासणीची समिती यायची होती, आणि मी कुठेतरी वाचलेलं निंबोळीचं तेल साबणाच्या पाण्यात कालवून भर दुपारी फवारलं. साबण जास्त झाला. तिसऱ्या दिवशी अख्खी ओळ करपली. महालक्ष्म्यांना दहा दिवस उरले होते, आणि माठ पुन्हा पेरून हाताशी यायला महिना लागतो.

चौथ्या दिवशी आई पायरीवर थबकली आणि तिने विचारलं, माठ काढला का. मी म्हटलं, दाट झाला होता, थोडा उपटला. ती परत आत गेली. त्या दिवशी ती फाटकापर्यंत गेली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

खरं सांगणं अवघड नव्हतं. माझ्या हातून जळला, एवढंच म्हणायचं होतं. ती दोन शब्द बोलली असती आणि पंधरा भाज्यांवर एक विकतची घेतली असती, किंवा भावनाताईंच्या आवारातून मागून आणली असती. पण ती ओळ मी तिच्या डोळ्यांसाठी लावली आहे, हे आम्ही दोघींनी कधी उच्चारलं नव्हतं. माठ जळला म्हटलं की मग तू चालणार कशी, हेही आलं असतं. मला तिला ते ऐकवायचं नव्हतं. निदान तेव्हा मी स्वतःला असंच सांगितलं.

ती दुपारी झोपली असताना मी विशालकडून चोवीस पिशव्या लाल कोलिअस आणला, स्कूटरच्या दोन फेऱ्यांत, आणि माठाच्या जागी लावून टाकला. संध्याकाळी ती पायरीवर आली. तिने मान जरा तिरकी केली, हल्ली ती तशी बघायची, आणि चालत फाटकापर्यंत गेली. परत येताना म्हणाली, "भरला वाटते पुन्हा."

मी हो म्हटलं.

ज्येष्ठेच्या दिवशी पहाटे मी गुढियारीच्या बाजारातून भीमाबाईकडून माठाची जुडी आणली. भीमाबाई मुळं कापून देते, मी तिला मुळांसकट मागितली, माती लागलेली. घरी येऊन आईच्या हातात दिली आणि आत्ताच उपटला म्हणून सांगितलं. तिने तो धुतला, चिरला, सोळा भाज्यांत घातला. नैवेद्य दाखवताना तिने नेहमीसारखं देवीला सांगितलं की सगळं तुझ्या आवारातलं आहे. मी बाजूला बसून घंटा वाजवत होते.

संध्याकाळी नऊ बायका आल्या. कुंकू लावून झालं आणि आई त्यांना घेऊन आवारात उतरली. अजून उजेड होता. मी मागे हळदीकुंकवाचं ताट घेऊन होते, शेखर आईच्या चेहऱ्यावर मोबाईल धरून व्हिडिओ काढत होता, पायल आत प्रसाद भरत होती. दोडका झाला, गवार झाली. मग आई पायरीपाशी परत आली, लाल ओळीवरून हात फिरवल्यासारखा केला आणि म्हणाली, "आणि हा आमचा माठ."

छत्तीसगडात लहान पोरालाही लाल भाजी, म्हणजे माठ, ओळखता येते. त्या नऊ जणींनी कोलिअस बघितला. दोन झाडांना तर निळे तुरे आले होते. भावनाताईंची नवी सून "पर काकी, ये तो" एवढं म्हणाली आणि भावनाताईंनी तिचा हात दाबला. आईने आवाजाच्या दिशेने तोंड केलं आणि काय म्हणते म्हणून विचारलं.

"म्हणते, किती लाल आहे," भावनाताई म्हणाल्या.

"हव. यंदा चांगला झाला," आई म्हणाली.

त्यानंतर नऊ महिने ती होती. हिवाळ्यात कोलिअस वाढून आडवा झाला तेव्हा मी तो उपटून टाकला आणि त्या जागी पालक पेरला. बोलायला रोज जागा होती. मी बोलले नाही, आणि मग जूनमध्ये नर्सरीत तिने तो चौकोनी देठ बोटांत धरला.

आई गेल्याला महिना झाला त्या दिवशी शेखरने तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. तो पन्नास सेकंदांचा आहे. आई नारिंगी नऊवारीत, आवाज खणखणीत. "आणि हा आमचा माठ" याच वाक्यावर संपतो, आणि कोपऱ्यात ओळीची दोन-चार लाल पानं तेवढी दिसतात. दिवसभर लोकांचे हात जोडलेले संदेश येत राहिले. संध्याकाळी आर्वीहून विजया मावशीचा आवाज आला. तिला टाइप करता येत नाही, ती बोलून पाठवते. आधी ती रडली, मग नाक ओढून म्हणाली, इंदूचा माठ काही वेगळाच दिसते वो, इतकं मोठं पान मी पाहिलं नाही, त्याचं बी असन तर चिमूटभर पाठव गंधाली. लेकीसारखं जपीन. माझ्या आवारात इंदूची एक ओळ राहीन.

तिला मी उत्तर पाठवलं नाही. दोन दिवसांनी तिने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा तिने शेखरला सांगितलं की ताईला आठवण दे.

त्याच सुमारास बाबांनी महालक्ष्म्यांचं ठरवलं. कुळाचार आहे, चुकवायचा नाही. पण यंदा फुलोरा नको, हळदीकुंकू नको, साध्या मांडायच्या. मांडणार अर्थात पायल. मुखवटे सुनेकडे जातात, लेकीकडे नाही, यात मला वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. पायल भिलाईत वाढलेली आहे, घरी सगळे मराठी, पण ती मराठी ऐकते आणि हिंदीत उत्तर देते. आईचं आणि तिचं तसंच चालायचं, एकमेकींना कधी काही अडलं नाही. तिने फोन करून सांगितलं की आईच्या वेळी होतं तसंच करायचं, सोळाही भाज्या आवारातल्याच. ती रविवारी येते, मी तिला शिकवायचं.

म्हणजे आता ते माझ्यापुरतं राहिलं नव्हतं. मी गप्प बसले तर पायल दर वर्षी त्या ओळीपाशी उभी राहून खोटं सांगणार होती आणि आर्वीत मावशी कुठल्यातरी पाकिटातल्या बियांना आईचं नाव देणार होती. आणि मी बोलले, तर मला सगळंच सांगावं लागणार होतं. आईला दिसत नव्हतं, तिने नऊ बायकांसमोर शोभेचं झाड माठ म्हणून दाखवलं, आणि तिला तसं दाखवू दिलं मी. जी गोष्ट तिने जिवंतपणी एकाही माणसाला म्हणू दिली नाही, ती मी ती गेल्यावर ग्रुपवर सांगायची. दोन्हींपैकी कुठलंही केलं तरी आईचंच काहीतरी जाणार होतं.

पायल रविवारी दहाच्या लोकलने आली. जुलैचा मध्य होता, रात्री पाऊस होऊन गेला होता आणि माती हाताला हवी तेवढी मऊ होती. आम्ही दोघी वाफ्यांत बसलो. बाबा व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. पायल कामाला चांगली आहे. तिने दुपट्टा कमरेला बांधला आणि मी सांगेन तसं करत गेली. दोडक्याच्या बिया मांडवाच्या खांबांशी, चवळी भिंतीकडे, रंगीत मिरची पुढे. लाल भेंडी कशाला, असं तिने विचारलं. मी म्हटलं, आईला आवडायची. झेंडू नळाशीच का, तर आईला तिथेच हवा असायचा. कर्दळ नालीपाशी का. मी उत्तरं देत होते आणि प्रत्येक उत्तर अर्धं होतं. पायल ती सगळी लक्षात ठेवत होती. तिने एकदा हात पुसून मोबाईलवर टिपूनही घेतलं.

मग ती पायरीपाशी आली. तिने व्हिडिओ लावला, शेवटच्या वाक्यावर थांबवला आणि पडदा मोठा करून त्या रिकाम्या कडेशी धरला.

"दीदी, ये वाली लाल भाजी का बीज कहाँ रखा है? विजया मौसी को भी भेजना है ना?"

तिच्या दुसऱ्या हातात माठाच्या बियांचं पाकीट होतं. पायाशी सहा पिशव्या कोलिअस होता, महिनाभरात चांगला वाढलेला. तिने पडद्याकडे बघितलं, मग पिशव्यांकडे. ती हुशार मुलगी आहे. तिने मोबाईल हळूच मांडीवर पालथा ठेवला. तिने मला विचारलं नाही. तिने विचारलं असतं तर मी कदाचित पुन्हा काहीतरी सांगितलं असतं.

मी तिला सगळं सांगितलं. साबणाचं पाणी, चोवीस पिशव्या, भीमाबाईची जुडी. रंग का निवडले, तेही. झेंडू, कर्दळ, लाल भेंडी, सगळ्याची उरलेली अर्धी उत्तरं दिली. बाबा दहा फुटांवर बसले होते. आवाज लहान करावा असं एकदा वाटलं, पण केला नाही. सांगून झालं तेव्हा पायल रडत होती आणि मातीच्या हाताने डोळे पुसता येत नव्हते म्हणून तिने तोंड खांद्याला पुसलं.

बाबांनी चष्मा काढला आणि धोतराला पुसला. ते सावकाश बोलतात, कारखान्यातल्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे मोजकं बोलायची सवय आहे.

"तिले माहीत होतं," ते म्हणाले.

मी वळून त्यांच्याकडे बघितलं.

"त्याच दिवशी. बायका गेल्या, तू आत भांडे घासून राहिली होती. ती इथं खाली उतरली. वाकून पान तोडलं अन् चावलं. मग त्या नळावर चूळ भरली. चार-पाच वेळा भरली." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "मी म्हटलं, काय झालं वो. तं म्हणे, पोट्टीनं शोचे झाडं लावले. मी म्हटलं, मग बोल तिले. तं म्हणे, नाही. तिले वाटते मले दिसते. वाटू द्या."

मग त्यांनी पायलला चहाचं विचारलं, आणि पायल उठून आत गेली.

मी तिथेच बसून राहिले. इतके महिने मी ज्याला मायेने गप्प बसणं समजत होते ते तिचंही होतं, आणि तिचं खरं होतं. माझं तसं नव्हतं. त्या संध्याकाळी ताट धरून उभी असताना मला काय वाटलं होतं, हे मला चांगलं आठवत होतं. भावनाताईंच्या सुनेचा दाबलेला हात, शेजारणींच्या खाली गेलेल्या नजरा, आणि त्यांच्या मधोमध माझी आई, मान तिरकी करून, कौतुक ऐकायला थांबलेली. मी पाऊल पुढे टाकून म्हणू शकले असते की आई, हा माठ नाही, माठ माझ्याकडून जळला. त्याला एक पाऊल पुरलं असतं. मी ताटाकडे बघत राहिले होते.

मी पाकीट फोडून बिया तळव्यावर घेतल्या, वाळूत मिसळल्या आणि पायरीपासून पेरायला सुरुवात केली. तीन-चार फूट झाल्यावर थांबले. बाबा बघत होते. घरात चहाचं भांडं वाजलं. मी मातीवर दोन्ही हात टेकले आणि बोलले. घरात बोलते तसं, नेहमीच्या आवाजात, बाबांना ऐकू जाईल असं.

"आई, तुले दिसत नव्हतं, हे मले माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माठ मी जाळला. तू बायकांले ते झाड दाखवत होती तेव्हा मी मागंच उभी होती, अन् मी बोलली नाही. तुले वाईट वाटन म्हणून नाही. मले तुझी लाज वाटली होती, आई."